मज्जापेशींचा चित्रकार : सांतियागो रामोन इ काहाल

शाळेत असताना जीवशास्त्राच्या वहीत पेशीची आकृती काढली नाही असा विद्यार्थी आपल्यात सापडणार नाही. कोऱ्या पानावर टोकदार पेन्सिलीने काढलेला एक वेडावाकडा गोल, मधोमध केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका आणि रिक्तिका, आणि उजवीकडे पट्टीने आखलेल्या रेषांच्या टोकांशी सुवाच्य अक्षरांत नावे. आमच्यासारखे कितीतरी जण पुढे कला शाखेकडे वळले आणि ती नावे विसरून गेले. पण त्या यादीतले एक नाव इतरांहून निराळे होते. केंद्रक, रिक्तिका ही वस्तूंची नावे. गॉल्जी हे मात्र माणसाचे नाव. कामिल्लो गॉल्जी हा इटलीतला एक डॉक्टर. त्याच्या नावाचा तो पिंड साऱ्या जगातल्या शाळकरी वह्यांत जाऊन बसला आहे. ज्या माणसाचे म्हणणे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही आणि ज्याच्याबरोबर त्याला १९०६ साली नोबेल पारितोषिक वाटून घ्यावे लागले, त्या माणसाचे नाव मात्र शाळेच्या वहीत येत नाही. तो स्पेनचा. त्याला चित्रकार व्हायचे होते. त्याचीच ही हकिकत आहे.

त्याचे पूर्ण नाव सांतियागो रामोन इ काहाल. यातले रामोन हे वडिलांचे आडनाव आणि काहाल हे आईचे. आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव. तिकडे वडिलांच्या आडनावापाठोपाठ आईच्याही माहेरचे आडनाव येते. जग त्याला काहाल म्हणते, म्हणजे आईच्या आडनावाने ओळखते. त्याच्या आयुष्यावर वडिलांनी जो दरारा गाजवला तो पाहता ही गोष्ट मोठी गमतीची वाटते.

१ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील दोन हुस्तो रामोन हे शेतकऱ्याच्या घरात जन्मले, लहानपणी एका शस्त्रवैद्याकडे उमेदवार म्हणून राहिले, न्हाव्याचे काम करून शिकले आणि स्वतःच्या हिमतीवर डॉक्टर झाले. अशा माणसाला फावल्या वेळेचे नाव काढलेले खपत नाही. मुलाला फ्रेंच शिकवायचे तर ते त्याला गावाबाहेरच्या एका ओसाड गुहेत घेऊन जात, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. शिक्षण म्हणजे पोटापाण्याची विद्या, बाकीचे सगळे उनाडपण, असा त्यांचा पक्का हिशेब. आणि मुलगा तर आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून दिसेल त्या भिंतीवर, दारावर, कागदाच्या कपट्यावर चित्रे काढीत सुटलेला! घरात रंगाला पैसे मिळत नसत. मग भिंतीचा रंग खरवडायचा, सिगारेटच्या कागदांच्या पुड्यांची तांबडी-निळी वेष्टने पाण्यात भिजवून त्यांचा रंग उतरवायचा, असे उद्योग चालत.

अखेर बापाने या प्रकरणाचा एकदाच निकाल लावायचे ठरवले. आयेर्बे गावातल्या चर्चला चुना देण्यासाठी एक फिरता रंगारी आला होता. मुलाने आपल्याच नावाच्या संताचे, म्हणजे संत सांतियागोचे, चित्र काढले होते. ते घेऊन बाप-लेक त्या रंगाऱ्यापुढे उभे राहिले. रंगाऱ्याने चित्र निरखले आणि निकाल दिला की, यात काही अर्थ नाही, पोराच्या हातात कला नाही. भिंतींना चुना फासणाऱ्या माणसाचे मत शेवटचे ठरले. कागद आणि पेन्सिली जप्त झाल्या. दोन हुस्तोंना मी सर्वस्वी दोष देणार नाही. कला शाखेला प्रवेश घेतो म्हटल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या घरी जे बोलणे झाले असेल त्यात आणि आयेर्बेमधल्या या प्रसंगात फारसे अंतर नाही. फरक इतकाच की, आपल्या घरी निदान रंगाऱ्याला बोलावले नाही.

पुढची काही वर्षे या मुलाने बापाला चांगलेच जेरीस आणले. हाका येथल्या शाळेत लॅटिनचे पाठांतर होईना, म्हणून मार आणि कोंडून ठेवणे नित्याचे झाले. अकराव्या वर्षी त्याने लाकडाच्या ओंडक्याची तोफ बनवली, तिच्यात दारू ठासली आणि शेजाऱ्याच्या वाडीचे फाटक उडवले. त्यासाठी काही दिवस तुरुंगाची हवाही खाल्ली. वडिलांनी त्याला शिक्षा म्हणून न्हाव्याच्या हाताखाली ठेवले, मग चांभाराच्या हाताखाली. जोडे शिवण्यात मात्र तो चांगला तरबेज झाला म्हणतात.

आणि मग १८६८ चा उन्हाळा आला. मुलगा सोळा वर्षांचा झाला होता. त्याला वैद्यकाकडे वळवायचे तर शरीरशास्त्र शिकवले पाहिजे, आणि शरीरशास्त्राची सुरुवात हाडांपासून. पण हाडे आणायची कोठून? एका चांदण्या रात्री बाप-लेक गावच्या दफनभूमीची भिंत चढून आत उतरले आणि उघड्यावर आलेली जुनी हाडे गोळा करून घरी घेऊन आले. या मोहिमेत दोघांनाही सारखीच गोडी वाटली असावी असा मला दाट संशय आहे. घरी आल्यावर मुलाने त्या हाडांची चित्रे काढण्यास प्रारंभ केला. प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा, स्नायू जेथे चिकटतो तो खडबडीतपणा, सारे कागदावर उतरू लागले. या वेळी बापाने कागद हिसकावून घेतला नाही. वर्षानुवर्षे जी गोष्ट उनाडपणाची होती ती एकाएकी अभ्यासाची झाली. पुढे दोन हुस्तो सारागोसा येथे शवविच्छेदन शिकवू लागले, मुलगा तेथेच वैद्यकाचा विद्यार्थी झाला, आणि त्याच्या रंगीत चित्रांचा शरीरशास्त्राचा एक मोठा चित्रसंग्रह काढण्याचे स्वप्न दोघे मिळून पाहू लागले. सारागोसात तसा छापखाना नव्हता म्हणून ते साधले नाही.

१८७३ मध्ये पदवी मिळाली आणि लगोलग सैन्यात भरती झाली. पुढच्या वर्षी लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबाला रवानगी. तिथल्या दलदलीतल्या छावणीच्या रुग्णालयात हिवतापाच्या रोग्यांवर उपचार करता करता तो स्वतःच हिवताप आणि आमांशाने अंथरुणाला खिळला. १८७५ मध्ये हाडांचा सापळा होऊन मायदेशी परतला. थकलेल्या पगाराचे जे पैसे हाती आले त्यांतून त्याने काय घ्यावे? एक सूक्ष्मदर्शक, तोही हप्त्याने. माळ्यावरच्या एका खोलीत ते यंत्र मांडले आणि काहालची प्रयोगशाळा सुरू झाली. १८७८ मध्ये क्षयाने गाठले, रक्त पडू लागले, डोंगरावरच्या हवेत काही महिने काढून तो बरा झाला. १८७९ मध्ये सिल्व्हेरिया फान्यानासशी विवाह झाला. घरात एकामागून एक मुले आली आणि पगार तुटपुंजा. तरी रसायनांसाठी आणि मासिकांसाठी पैसे निघत, ते त्या बाईने संसारात काटकसर केली म्हणून. सर्वच चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. मीही तेच करीत आहे, याची मला जाणीव आहे.

येथे थोडे थांबून त्या काळी पेशींचा अभ्यास कसा चालत असे ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढल्या भांडणाचे मर्म कळणार नाही. पेशी हे नाव जुने. रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात लहान लहान कप्पे पाहिले ते १६६५ मध्ये. वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात हे १८३८ मध्ये श्लायडेनने आणि प्राणीही तसेच हे १८३९ मध्ये श्वानने मांडले. त्यानंतर कातडी घ्या, यकृत घ्या, कांद्याचा पापुद्रा घ्या, सगळीकडे पेशी सापडू लागल्या. पद्धत अशी की, ऊतीचा तुकडा रसायनात घालून कडक करावयाचा, वस्तऱ्याने त्याचा पातळ काप घ्यावयाचा, आणि तो पारदर्शक असल्याने काही दिसत नाही म्हणून रंगात बुडवावयाचा. रंग पेशीच्या निरनिराळ्या भागांना कमीजास्त धरतो आणि आकार डोळ्यांना दिसतात.

ही पद्धत सगळीकडे चालली, फक्त मेंदूपाशी येऊन अडली. मेंदूचा काप रंगवला की पेशींची अंगे दिसत, पण त्यांतून निघणारे बारीक तंतू एकमेकांत असे गुंतलेले की, कोणता तंतू कोणाचा आणि तो कोठे संपतो, याचा पत्ताच लागत नसे. पुष्कळ विद्वानांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, तो कोठे संपतच नाही. सगळे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे होते, आणि संवेदना त्या जाळ्यातून पाटाच्या पाण्यासारख्या वाहतात. याचा अर्थ असा की, सारे शरीर पेशींचे, पण मेंदू तेवढा अपवाद. ज्या अवयवाने आपण विचार करतो त्यालाच निसर्गाचा सर्वसामान्य नियम लागू नाही!

आता गॉल्जीकडे वळू. १८७३ मध्ये तो मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो गावात असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात नोकरीला होता. तेथल्या एका स्वयंपाकघरात त्याने आपले प्रयोगाचे सामान मांडले होते. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक करून मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात ठेवला असता एक विलक्षण गोष्ट घडते, असे त्याला आढळले. पिवळसर पार्श्वभूमीवर काही मज्जापेशी काळ्याभोर उमटतात, त्याही अगदी शेवटच्या फांदीपर्यंत. आणि या पद्धतीची खुबी तिच्या अपुरेपणात आहे. शंभरातल्या थोड्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या जणू तेथे नसतातच. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. त्याच थोड्या पेशी का रंगाव्यात, हे अजूनही पुरते उलगडलेले नाही. ही पद्धत मोठी लहरी होती, दहा वेळा करावी तेव्हा एकदा साधे. त्यामुळे इटलीबाहेर फारसे कोणी तिच्या वाटेला गेले नाही. चौदा वर्षे ती जवळजवळ पडूनच राहिली.

१८८७ मध्ये काहाल काही कामानिमित्त माद्रिदला गेला होता. तोवर तो व्हॅलेन्सिया येथे शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. १८८५ च्या पटकीच्या साथीत केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्याला एक उत्तम झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला होता. माद्रिदमध्ये लुइस सिमारो या डॉक्टरमित्राने पॅरिसहून आणलेल्या माहितीवरून तयार केलेला गॉल्जी पद्धतीचा एक काप त्याला दाखवला. काहालने नळीला डोळा लावला. स्वच्छ पिवळ्या कागदावर चिनी शाईने काढावे तसे काळे झाड, खोड, फांद्या, डहाळ्या! चित्रकाराचा डोळा घेऊन जन्माला आलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे होते? त्याच वर्षी त्याची बार्सिलोनाला बदली झाली आणि तेथे तो अक्षरशः झपाटल्यासारखा कामाला लागला. बुद्धिबळाचे व्यसन होते, तेही सोडून दिले.

त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, काप एकदाच न रंगवता तीच प्रक्रिया पुन्हा करावयाची. त्यामुळे पद्धतीचा लहरीपणा पुष्कळ कमी झाला. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत तंतूंवर एक चरबीयुक्त वेष्टन चढलेले असते आणि तेथे हा रंग शिरत नाही. म्हणून त्याने अंड्यातल्या पिलांचे गर्भ आणि नुकत्याच जन्मलेल्या प्राण्यांचे मेंदू घेतले. त्याने स्वतः याला जंगलाचा दृष्टान्त दिला आहे. वाढलेल्या जंगलात शिरून एकेका झाडाची फांदी शोधण्यापेक्षा रोपे लहान असतानाच ती पाहावीत, हे त्याचे सांगणे. ऐकल्यावर हे सोपे वाटते. पण तोपर्यंत या कामासाठी कोणी ते नेटाने केले नव्हते.

पक्ष्यांच्या लहान मेंदूच्या कापात त्याला काय दिसले? तेथे पुर्किन्येच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पेशी असतात, पसरलेल्या पंख्यासारख्या. दुसऱ्या काही पेशींचे तंतू तेथवर येतात, या मोठ्या पेशीच्या अंगाभोवती टोपलीसारखे विणले जातात, आणि तेथेच संपतात. मिसळत नाहीत, आत शिरत नाहीत. भोवती बिलगतात आणि थांबतात. आणखी काप घेतले, दृष्टिपटल पाहिले, मेरुरज्जू पाहिला. सगळीकडे तेच. प्रत्येक तंतूला टोक आहे. म्हणजे जाळे नाही. मेंदूही पेशींचाच आहे, आणि त्यातली प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. तंतू एकमेकांत मिसळत नसावेत असे विल्हेल्म हिस आणि ऑगस्ट फोरेल यांनी थोडे आधी सुचवले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु सुचवणे वेगळे आणि काप पुढ्यात ठेवून दाखवणे वेगळे.

दाखवायचे तरी कोणाला? स्पॅनिश भाषेतले शास्त्रीय लेखन युरोपात कोणी वाचत नसे. आपल्या मातृभाषेत लिहिणाऱ्याला हे दुःख समजावून सांगायला नको. काहालने स्वतःच्या खर्चाने मासिकवजा पत्रिका काढली. मे १८८८ मध्ये तिचा पहिला अंक निघाला. प्रती अवघ्या साठ, लेखक एकटा तोच, चित्रेही त्याचीच. त्या प्रती त्याने परदेशच्या विद्वानांना टपालाने पाठवल्या. उत्तर नाही. मग १८८९ च्या ऑक्टोबरात पदरचे पैसे खर्चून तो बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेला. मोडक्या फ्रेंचमध्ये बोलणारा हा काळसर, ठेंगणा परदेशी एका टेबलावर आपले काप मांडून उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून नळीतून पाहायला सांगू लागला. त्या क्षेत्रातला सर्वांत वजनदार माणूस म्हणजे आल्बर्ट फॉन कोलिकर, वय बहात्तर. त्याने पाहिले, पुन्हा पाहिले, आणि काहालला आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेला. जाळ्याची कल्पना मानणाऱ्या कोलिकरने ती सोडून दिली, आणि काहालचे लेख वाचता यावेत म्हणून त्या वयात स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला. या साऱ्या चरित्रात मला सर्वांत आवडलेला माणूस विचाराल तर तो हा म्हातारा.

पुढची तीन-चार वर्षे म्हणजे शोधांचा नुसता पाऊस होता. कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूच्या टोकाशी त्याला एक लहानसा शंकू दिसला. वाट काढीत पुढे सरकणारे ते तंतूचे अग्र होते. हे १८९० मधले. जिवंत हालचाल नव्हे, मेलेल्या, रंगवलेल्या, काचेवर चिकटवलेल्या पेशीत त्याने ही हालचाल ओळखली. त्याहून नवल दुसऱ्या गोष्टीचे. दृष्टिपटलात प्रकाश कोठून येतो ते ठाऊक आहे, नाकातल्या पेशींना वास कोणत्या बाजूने लागतो तेही ठाऊक आहे. त्यावरून त्याने ताडले की, मज्जापेशीत संदेश आखूड फांद्यांतून शिरतो, अंगाकडे येतो आणि लांब तंतूवाटे बाहेर पडतो, उलट नाही. मग त्याने आपल्या चित्रांत बारीक बाण काढले. स्थिर चित्रात त्या बाणांनी वाहते पाणी आणले.

१८९१ मध्ये बर्लिनच्या वाल्डायरने या सर्व संशोधनाचा आढावा घेऊन मज्जापेशीला न्यूरॉन हे नाव दिले. नाव देणाऱ्याचे स्वतःचे त्यात संशोधन नव्हते. तरी पुष्कळ दिवस लोक सिद्धान्ताचा जनक म्हणून त्याचेच नाव घेत. काहालला याची चुटपुट होती, आणि ती रास्तच होती.

आता चित्रांविषयी. कोणी म्हणेल की, सूक्ष्मदर्शकाला छायाचित्रयंत्र जोडले की झाले, चित्रे कशाला काढावयाची? काहाल छायाचित्रणात अनभिज्ञ नव्हता. उलट तो काचा स्वतः तयार करीत असे, आणि रंगीत छायाचित्रणावर त्याने १९१२ मध्ये पुस्तकच लिहिले. पण गॉल्जीचा काप जाड असतो. पेशीची एक फांदी वरच्या पातळीवर, दुसरी मधल्या, तिसरी अगदी तळाशी. एका पातळीवर भिंग जुळवले की बाकीच्या धूसर होतात. छायाचित्रात एकच पातळी येते. पूर्ण झाड येते ते फक्त अशा माणसाच्या मनात, जो भिंग वरखाली करीत तासन् तास पाहात राहतो. काहाल असाच पाहात असे, पुष्कळदा मग आठवणीतून काढीत असे, आणि पुन्हा भिंगाशी जाऊन पडताळीत असे. अनेक कापांत तुकड्या-तुकड्याने दिसलेले तो एका चित्रात आणी. म्हणजे त्याचे चित्र ही जशीच्या तशी नक्कल नाही; ते एक विधान आहे. आणि विधान म्हटले की ते चुकण्याचा धोका आलाच. गॉल्जीही सुरेख चित्रे काढीत असे. तीच पद्धत, तशाच पेशी, तसेच भिंग. पण त्याला तंतू एकमेकांत विरघळताना दिसत, काहालला ते थांबताना दिसत. डोळ्यांनी काय पाहिले आणि मनाने काय भरले, ही सीमारेषा त्या दोघांनाही आपल्यापुरती स्पष्ट वाटत होती.

काहालने एका चित्रात चार प्राण्यांच्या मोठ्या मेंदूतली एकाच जातीची पेशी ओळीने मांडली आहे : बेडूक, सरडा, उंदीर, माणूस. बेडकाची पेशी म्हणजे चार काटक्या, सरड्याची जरा भरलेली, उंदराची डेरेदार, आणि माणसाची पाहिली तर फांद्यांना फांद्या. पेशी तीच, पण तिचा विस्तार वाढत गेलेला. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी बोलावले. लंडनच्या त्या मुक्कामात त्याचा यजमान होता चार्ल्स शेरिंग्टन. दोन पेशींमधल्या भेटीच्या जागेला पुढे १८९७ मध्ये सिनॅप्स हे नाव मिळाले ते याच शेरिंग्टनमुळे. प्राण्यांची श्रेणी जितकी खालची तितकी रचना साधी, असा समज करून घ्यावा तर तोही काहालनेच मोडला. १९१५ मध्ये दोमिंगो सांचेझ या सहकाऱ्याबरोबर त्याने कीटकांच्या डोळ्यांमागची रचना तपासली आणि माशीच्या इवल्याशा डोक्यात इतके गुंतागुंतीचे काम पाहून तो थक्क झाला.

१९०६ चे नोबेल दोघांना मिळून जाहीर झाले. स्टॉकहोममध्ये ते समोरासमोर आले. ११ डिसेंबरला गॉल्जीचे भाषण झाले. विषय मुद्दाम निवडलेला, न्यूरॉनचा सिद्धान्त. आणि भाषणभर त्याने तो सिद्धान्त खोडून काढला. शेजारी बसलेल्या माणसाने अठरा वर्षे खपून जे दाखवले त्याची दखल घेतली ती नाकारण्यापुरती. दुसऱ्या दिवशी काहाल बोलला आणि त्याने गॉल्जीच्या पद्धतीचे ऋण मानून आपला पुरावा मांडला. गॉल्जी १९२६ मध्ये वारला, तोवर त्याचे मत बदलले नाही. गंमत पाहा, आपल्या वहीतला तो पिंड गॉल्जीला १८९८ मध्ये दिसला तो घुबडाच्या पुर्किन्ये पेशीत. आणि त्याच पिंडाच्या अभ्यासासाठी युरेनियम नायट्रेटची एक चांगली रंगपद्धत १९१२ च्या सुमारास शोधून काढली ती काहालने. केंद्रकातला एक बारीक ठिपका काहालनेही १९०३ मध्ये टिपून ठेवला होता. त्याला काहाल पिंड हे नाव मिळाले ते १९९९ मध्ये.

मोठेपण आल्यावर काहाल अगदी निर्दोष राहिला असे मात्र म्हणता येत नाही. माद्रिदच्या त्याच्या प्रयोगशाळेत पिओ देल रिओ ओर्तेगा नावाचा हुशार तरुण होता. मेंदूत मज्जापेशींखेरीज ज्या आधार देणाऱ्या पेशी असतात त्यांतल्या दोन जाती त्याने नव्या रंगपद्धतीने वेगळ्या करून दाखवल्या. त्यातल्या काही गोष्टींना काहालने सुरुवातीला विरोध केला, मने दुभंगली, आणि १९२० मध्ये त्या तरुणाला प्रयोगशाळा सोडावी लागली. बर्लिनमधला तो उदार म्हातारा काहालला त्या वेळी आठवला असता तर बरे झाले असते. पुढे त्या दोघांत पुष्कळसा समेट झाला, आणि ओर्तेगाचे म्हणणेही खरे ठरले.

१९३० मध्ये सिल्व्हेरिया गेली. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहालचे निधन झाले. जाळे की पेशी, या वादाचा डोळ्यांदेखत निकाल त्याला पाहायला मिळाला नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला ती ताकदच नव्हती. १९५४-५५ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन मज्जापेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली. एका सेंटिमीटरचे पाच लाख भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढी ती फट. काहालने न दिसणाऱ्या फटीवर आयुष्य लावले होते, आणि फट होती. पण निसर्ग कोणालाच पूर्ण गुण देत नाही. काही ठिकाणी शेजारच्या पेशी सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात आणि त्यांतून विजेचा प्रवाह थेट जातो, हे १९५९ मध्ये खेकड्याच्या जातीच्या एका प्राण्यात सिद्ध झाले. आणि २०२३ मध्ये तर समुद्रातल्या कंगवा-जेली नावाच्या प्राण्याच्या अंगात असे मज्जाजाल सापडले की, ज्यातल्या पेशी खरोखरच एकमेकींत मिसळलेल्या आहेत. गॉल्जीचे जाळे कोठेतरी होते; फक्त ते घुबडात किंवा माणसात नव्हते.

त्याच्या चित्रांची हकिकत राहिली. सुमारे २,९०० चित्रे मागे राहिली. २०१७ मध्ये काहाल आणि त्याच्या शिष्यांच्या संग्रहाची युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्याच वर्षी अमेरिकेत मिनिआपोलिस येथे त्यातल्या ८० चित्रांचे प्रदर्शन भरले. ते वैद्यकाच्या विद्यालयात भरले नव्हते. कलासंग्रहालयात भरले होते. यातली बरीच चित्रे शाईने आणि पेन्सिलीने काढलेली आहेत. काही ठिकाणी शाईखालची पेन्सिलीची रेघ अजून दिसते, आणि काही ठिकाणी एखादी फांदी चुकली म्हणून तिच्यावर पांढरा रंग लावून शेजारी दुसरी काढलेली आहे.